लॅपटॉपची स्क्रीन अंधूक झाली? झरी जामणीहून वणी-पांढरकवडा गाठण्याआधी घरीच करा या तपासण्या

बॅटरी, चार्जर, ड्रायव्हर की खरोखर पॅनल गेले? मोबाइलचा टॉर्च आणि घरातला टीव्ही वापरून बिघाड कसा ओळखायचा, जाणून घ्या सविस्तर

झरी जामणी : लॅपटॉप सुरू होतो, पंख्याचा आवाज येतो, कीबोर्डवरचा दिवाही लागतो. स्क्रीनवरची अक्षरे मात्र धुक्याआड गेल्यासारखी दिसतात. ऐन प्रवेशाच्या, शिष्यवृत्तीच्या किंवा पीक विम्याच्या दिवसांत असे झाले की घरात एकच वाक्य ऐकू येते, ‘स्क्रीन गेली.’

शहरात असे झाले तर माणूस दोन गल्ल्या ओलांडून दुरुस्तीच्या दुकानात जातो. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादला लागून असलेल्या झरी जामणी तालुक्यात हे तितके सोपे नाही. साध्या दुरुस्तीसाठीही अनेकदा वणी किंवा पांढरकवडा गाठावे लागते. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरचे काम असेल तर यवतमाळ, चंद्रपूर किंवा थेट नागपूर. त्यात एक दिवस जातो, गाडीभाडे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

लॅपटॉप आपले सरकार सेवा केंद्रातला असेल तर नुकसान एकट्या केंद्रचालकाचे होत नाही. मुकुटबन, पाटण किंवा एखाद्या कोलाम पोडावरून जातीच्या किंवा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसालाही ‘उद्या या’ ऐकून परत जावे लागते.

अंधूक स्क्रीन म्हणजे दरवेळी खराब स्क्रीन नव्हे. अनेकदा दोष सेटिंगमध्ये, चार्जरमध्ये किंवा एखाद्या अपडेटमध्ये असतो आणि तो घरबसल्या निघतो. पॅनलचा खर्च काही हजारांत जातो. म्हणून तो करण्याआधी अर्धा तास देऊन पुढील तपासण्या याच क्रमाने करून पाहाव्यात.

स्क्रीनचा उजेड येतो कुठून?

बहुतेक लॅपटॉपमध्ये एलसीडी स्क्रीन असते. एलसीडी स्वतः उजेड देत नाही. ती खिडकीच्या पडद्यासारखे काम करते, म्हणजे मागून येणारा उजेड कुठे अडवायचा आणि कुठे सोडायचा एवढेच ठरवते. उजेड येतो तो स्क्रीनच्या कडेला, बहुधा खालच्या बाजूला, बसवलेल्या बारीक एलईडींच्या पट्टीतून. एक पारदर्शक प्लेट तो उजेड संपूर्ण स्क्रीनभर पसरवते. या व्यवस्थेला बॅकलाइट म्हणतात.

या एलईडी मुळात निळ्या असतात. त्यांच्यावर पिवळसर फॉस्फरचा थर दिला की उजेड पांढरा दिसतो. निळी एलईडी तयार करणाऱ्या इसामू अकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा या शास्त्रज्ञांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते.

बॅकलाइटचा उजेड ध्रुवक, रंगगाळण्या आणि एलसीडीचे थर ओलांडून डोळ्यांपर्यंत येतो. तोपर्यंत मूळ उजेडाचा दहावा हिस्साही उरत नाही. त्यामुळे मागची पट्टी थोडी जरी मंदावली तरी फरक लगेच जाणवतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. चित्र दाखवणारा भाग आणि उजेड देणारा भाग हे दोन वेगळे भाग आहेत. चित्र शाबूत राहून उजेड जाऊ शकतो. पुढच्या बऱ्याच तपासण्या याच फरकावर आधारलेल्या आहेत.

तपासणी १ : स्क्रीन खरेच अंधूक आहे का?

स्क्रीनची तेजस्विता ‘निट’ या एककात मोजतात. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक लॅपटॉपची स्क्रीन २२० ते २५० निट एवढीच असते. आजचे बरेच मोबाइल उन्हात याच्या कितीतरी पट उजळतात. दिवसभर मोबाइल पाहणाऱ्याला ओसरीत लॅपटॉप उघडल्यावर तो मंद वाटतो, तो यामुळेच. भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. त्यापुढे २५० निटची स्क्रीन टिकत नाही.

उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना घरातल्या उजेडाची सवय व्हायलाही काही मिनिटे लागतात. त्यामुळे आत येताच निष्कर्ष काढू नये. लॅपटॉप सावलीच्या खोलीत, खिडकीकडे पाठ न करता ठेवावा, पाच मिनिटे थांबावे आणि पूर्ण पांढरे पान उघडून पाहावे. काळी थीम किंवा गडद वॉलपेपर असेल तर अंदाज चुकतो.

मग झाकण थोडे पुढे-मागे कलवून पाहावे. स्वस्त लॅपटॉपमधील टीएन प्रकारच्या पॅनलवर वरून किंवा खालून पाहिले की रंग फिके किंवा काळपट दिसतात. समोरून पाहिल्यावर चित्र नीट दिसत असेल तर तो बिघाड नाही, त्या पॅनलचा स्वभाव आहे.

जुना, रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतलेल्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. एचपीच्या काही एलिटबुक मॉडेलमध्ये ‘श्युअर व्ह्यू’ नावाची सोय असते. शेजारच्याला स्क्रीन दिसू नये म्हणून ती उजेड आवळते. चुकून तिची की दाबली गेली की स्क्रीन अंधूक दिसते. अशा लॅपटॉपवर बहुधा एफ २ या कीवर तिची खूण असते.

तपासणी २ : लाइट गेल्यावरच मंद होते का?

चार्जर लावलेला असताना विंडोज एक ब्राइटनेस ठेवते आणि बॅटरीवर दुसरा, कमी ब्राइटनेस ठेवते. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो आणि स्क्रीन आपोआप मंदावते. वीज आली की पुन्हा उजळते. दिवसभरात असे चार-पाच वेळा झाले की स्क्रीन ‘कमी-जास्त’ होते असे वाटू लागते. प्रत्यक्षात वीजच येत-जात असते.

त्यामुळे सर्वात आधी स्क्रीनच्या कोपऱ्यातले बॅटरीचे चिन्ह पाहावे. प्लगचे किंवा विजेचे चिन्ह दिसत नसेल तर चार्जर लावलेला असूनही लॅपटॉप बॅटरीवर चालला आहे. बोर्डाचे बटण, पिनची पकड आणि ॲडॉप्टरवरचा दिवा तपासावा. ॲडॉप्टरवरचे छापील अक्षरही वाचावे. बहुतेक ॲडॉप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असे लिहिलेले असते. म्हणजे घरातला बल्ब मिणमिणत असला तरी तेवढ्याने लॅपटॉपची स्क्रीन मंद होण्याचे कारण नाही.

डुप्लिकेट चार्जर हा वेगळा विषय आहे. डेल आणि एचपीच्या अनेक चार्जरच्या टोकाला मधोमध एक बारीक पिन असते. चार्जर किती वॉटचा आहे, हे ती लॅपटॉपला कळवते. पिन वाकली असेल किंवा स्वस्त चार्जरमध्ये ती नीट काम करत नसेल तर लॅपटॉप चार्जरला ओळखत नाही. मग बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसरही मंद चालतो. बॅटरी उतरत गेली की वीज वाचवण्यासाठी स्क्रीनचा उजेडही कमी होतो. सुरू होताना ॲडॉप्टर ओळखता आला नाही, असा संदेश दिसत असेल तर आधी ओळखीच्या कुणाचा तरी मूळ चार्जर लावून पाहावा.

तपासणी ३ : की आणि स्लायडर

कीबोर्डच्या वरच्या रांगेत सूर्याची दोन चिन्हे असतात. एक उजेड वाढवण्यासाठी, दुसरे कमी करण्यासाठी. काही लॅपटॉपवर ती की नुसती दाबून चालते, तर काहींवर सोबत एफएन ही की धरावी लागते. लहान मुलांनी कीबोर्डशी खेळल्यानंतर स्क्रीन अंधूक झाली असेल तर बहुधा कारण इथेच सापडते.

की चालत नसेल तर सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग डिस्प्ले असे जाऊन ब्राइटनेसची पट्टी पूर्ण उजवीकडे न्यावी. ही पट्टीच गायब असेल तर थेट पाचव्या तपासणीकडे वळावे.

याच पानावर ‘नाइट लाइट’ दिसेल. ते सुरू असेल तर स्क्रीन पिवळसर होते आणि काहींना मंद वाटते. ते बंद करून पाहावे. एचडीआर सुरू असेल तर तेही बंद करावे. साध्या पॅनलवर एचडीआरमुळे रंग फिके पडतात.

तपासणी ४ : लॅपटॉप स्वतःच उजेड कमी करतो का?

बॅटरी वाचवण्यासाठी लॅपटॉप काही निर्णय परस्पर घेतो. न सांगता स्क्रीन मंद होते, काळे पान उघडले की आणखी मंद होते आणि पांढरे पान उघडल्यावर हळूहळू उजळते, अशी लक्षणे असतील तर पुढील चार ठिकाणे पाहावीत.

• बॅटरी सेव्हर : विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत याला एनर्जी सेव्हर म्हणतात. बॅटरी ठरावीक टक्क्यांखाली गेली की ते सुरू होते आणि उजेड घटवते. सेटिंग्जमधील पॉवर अँड बॅटरी या भागात उजेड घटवण्याचा पर्याय बंद करता येतो.

• मजकुरानुसार उजेड : डिस्प्लेच्या पानावर ब्राइटनेसच्या पट्टीखालीच हा पर्याय असतो. स्क्रीनवर काय दिसते आहे त्यानुसार तो उजेड बदलतो. तो ‘ऑफ’ करावा.

• उजेडाचा सेन्सर : काही लॅपटॉपमध्ये कॅमेऱ्याजवळ बारीक सेन्सर असतो. त्यावर धूळ, स्टिकर किंवा कॅमेरा झाकायची पट्टी आली की खोलीत अंधार आहे असे लॅपटॉप समजतो आणि स्क्रीन मंद करतो. सेन्सर पुसावा आणि आपोआप ब्राइटनेसचा पर्याय बंद करून पाहावा.

• ग्राफिक्स कंपनीची सेटिंग : इंटेलच्या ग्राफिक्स ॲपमध्ये पॉवर या भागात ‘डिस्प्ले पॉवर सेव्हिंग्ज’ असते. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच कामाला ‘व्हॅरी-ब्राइट’ म्हणतात. बाकी सगळे बंद करूनही स्क्रीन बॅटरीवर मंद होत असेल तर बऱ्याचदा कारण हेच असते.

तपासणी ५ : अपडेटनंतर बिघडले का?

काल नीट होते, रात्री विंडोज अपडेट झाले आणि सकाळपासून ब्राइटनेस हलत नाही, असे असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा. स्क्रीनला सूचना देणारे सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर.

आधी सोपा उपाय करावा. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार की एकत्र दाबाव्यात. स्क्रीन क्षणभर काळी होते, बारीक आवाज येतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. उघडलेल्या फायली बंद होत नाहीत.

त्याने फरक पडला नाही तर स्टार्ट बटणावर उजवे क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडावे आणि ‘डिस्प्ले अडॅप्टर्स’ पाहावे. तिथे इंटेल, एएमडी किंवा एनव्हिडियाऐवजी ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ असे लिहिलेले असेल तर मूळ ड्रायव्हर गेलेला आहे. अशा वेळी ब्राइटनेसची पट्टीही सहसा गायब असते. लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांक टाकून ड्रायव्हर उतरवून घ्यावा. नाव बरोबर असूनही दोष अपडेटनंतरच आला असेल तर गुणधर्मांच्या खिडकीत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून जुना ड्रायव्हर परत आणता येतो. त्याच यादीत ‘मॉनिटर्स’ उघडून मॉनिटर चुकून बंद झालेला नाही ना, हेही पाहून घ्यावे.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. जुन्या लॅपटॉपसाठी ड्रायव्हर शोधताना तो कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिरवणारी अनोळखी सॉफ्टवेअर टाकू नयेत.

तपासणी ६ : दोष सॉफ्टवेअरचा की हार्डवेअरचा?

इथे सगळा निकाल लागतो. लॅपटॉप पूर्ण बंद करावा. सुरू करताना डेल, एसर किंवा आसूस असेल तर एफ २, एचपी असेल तर एफ १० आणि लेनोव्हो असेल तर एफ १ किंवा एफ २ ही की सारखी दाबत राहावी. बायोसचे पान उघडते. हे पान विंडोज सुरू होण्याआधीचे असते. विंडोजची सेटिंग किंवा ड्रायव्हर तिथपर्यंत पोहोचत नाही.

बायोसमध्ये स्क्रीन लख्ख दिसली आणि विंडोज सुरू झाल्यावर मंदावली तर दोष सॉफ्टवेअरचा आहे. चौथी आणि पाचवी तपासणी पुन्हा नीट करावी. पॅनल बदलण्याची गरज नाही.

बायोसमध्येही स्क्रीन तेवढीच अंधूक असेल तर दोष बहुधा हार्डवेअरचा आहे. याला एक अपवाद आहे. डेलच्या काही लॅपटॉपमध्ये बॅटरीवरचा आणि चार्जरवरचा ब्राइटनेस बायोसमध्येच ठरवता येतो. ती सेटिंग पाहून घ्यावी. बाकी काही बदलू नये आणि न जतन करता बाहेर पडावे.

निष्कर्षाआधी आणखी एक उपाय आहे. लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण १५ ते ३० सेकंद दाबून धरावे. मग पुन्हा जोडून सुरू करावे. आतल्या सर्किटमध्ये साठलेला विद्युतभार निघून गेल्यावर कधी कधी बॅकलाइट पूर्ववत होतो.

तपासणी ७ : टॉर्च लावून पाहा

स्क्रीन जवळजवळ काळी असेल तर खोलीत अंधार करावा, लॅपटॉप सुरू ठेवावा आणि मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरपा धरावा. टॉर्चच्या उजेडात आयकॉन किंवा अक्षरे पुसट दिसली तर चित्र तयार होते आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे. म्हणजे बॅकलाइटची एलईडी पट्टी, तिला वीज देणारे सर्किट, मदरबोर्डवरचा छोटा फ्यूज किंवा केबल यांपैकी काहीतरी बिघडले आहे. टॉर्चमध्येही काहीच दिसले नाही तर दोष दुसरीकडे आहे.

त्यानंतर एचडीएमआय केबलने लॅपटॉप घरातल्या टीव्हीला जोडावा आणि विंडोज व पी या की एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडावे. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले तर ग्राफिक्सचा भाग ठीक आहे आणि दोष लॅपटॉपच्या स्क्रीनकडे आहे. टीव्हीवरही चित्र बिघडलेले असेल तर ग्राफिक्स किंवा मदरबोर्ड तपासावा लागेल.

बिजागरीतली केबल आणि मॅकबुकचा धडा

झाकण एका कोनात धरले की स्क्रीन उजळते आणि थोडे हलवले की मंदावते, हे लक्षण केबलचे आहे. स्क्रीनला चित्र आणि वीज नेणारी पातळ केबल बिजागरीतून जाते. झाकण हजारो वेळा उघडले-मिटले की ती झिजते. सॅकमध्ये टाकून दुचाकीवर खड्ड्यांच्या रस्त्याने रोज नेलेल्या लॅपटॉपची बिजागरी सैल होते आणि ताण केबलवर येतो. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडायची सवयही तेच नुकसान करते.

महागडे लॅपटॉपही यातून सुटलेले नाहीत. ॲपलने २०१६मध्ये आणलेल्या मॅकबुक प्रोमध्ये काही काळाने बॅकलाइट बंद पडू लागला. काहींच्या स्क्रीनच्या तळाशी उजेडाचे उभे पट्टे दिसू लागले. दुरुस्तीविषयी माहिती देणाऱ्या आयफिक्सिट या संस्थेने जानेवारी २०१९मध्ये याचे कारण दाखवून दिले. झाकण उघडताना ताणली जाणारी पातळ केबल झिजत होती. २०१८च्या मॉडेलमध्ये ही केबल सुमारे २ मिलिमीटर लांब केल्याचेही आढळले. मे २०१९मध्ये ॲपलने १३ इंची मॅकबुक प्रोच्या २०१६च्या ठरावीक मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली.

सामान्य ग्राहकासाठी यात दोन गोष्टी आहेत. एक, स्क्रीन गेली म्हणजे आपण लॅपटॉप निष्काळजीपणे वापरला असे नव्हे, रचनेतही दोष असू शकतो. दोन, वॉरंटी संपली तरी कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना आहे का, हे पैसे देण्याआधी पाहावे.

वय झाल्यानेही उजेड घटतो

एलईडी एकदम मरत नाहीत, हळूहळू मंदावतात. लॅपटॉपच्या अनेक पॅनलच्या तांत्रिक माहितीपत्रकात १५,००० तास हा आकडा दिसतो. इतक्या वापरानंतर उजेड मूळच्या निम्म्यावर येऊ शकतो, असा त्याचा अर्थ. रोज ८ तास चालणाऱ्या लॅपटॉपसाठी हे १,८७५ दिवस होतात, म्हणजे ५ वर्षांहून थोडे अधिक. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्ण ब्राइटनेसवर चालणारी सेवा केंद्रातली स्क्रीन घरच्या स्क्रीनआधी थकते, ती यामुळे.

उष्णतेचाही वाटा आहे. अनेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरण्याची शिफारस करतात. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर असतो. टिनाच्या छपराखाली दुपारी लॅपटॉप चालवायचा असेल तर ब्राइटनेस गरजेपुरता ठेवावा, लॅपटॉप गादीवर न ठेवता पाटावर किंवा टेबलावर ठेवावा आणि हवेच्या जाळीत साचलेली धूळ व कापसाची रुई वेळच्या वेळी काढावी.

अर्जाची मुदत आजच असेल तर?

दुरुस्ती उद्या झाली तरी चालते, अर्ज मात्र आजच भरायचा असतो. अशा वेळी टीव्ही कामी येतो. एचडीएमआयने टीव्ही जोडून विंडोज व पी दाबावे आणि ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडावे. लॅपटॉपचा कीबोर्ड वापरून टीव्हीवर पाहत अर्ज भरता येतो. स्क्रीनवर काहीच दिसत नसेल तर विंडोज व पी दाबून खाली जाणारी बाणाची की आणि एंटर वापरावे. एकदा नाही जमले तर पुन्हा करावे.

टीव्ही नसेल तर शाळेतला, ग्रामपंचायतीतला किंवा ओळखीच्या दुकानातला डेस्कटॉपचा मॉनिटरही चालतो. बँकेचा किंवा आधारचा ओटीपी टाकताना मात्र टीव्हीसमोर गर्दी नको.

दुरुस्तीला देताना हे विसरू नका

• तपासणीत काय आढळले ते सांगा. ‘बायोसमध्येही मंद आहे, टॉर्चमध्ये चित्र दिसते, टीव्हीवर स्वच्छ येते’ एवढे सांगितले तरी कारागिराचा वेळ वाचतो आणि न पाहताच ‘पॅनल बदला’ असे कुणी सांगत नाही.

• केबल आधी तपासायला सांगा. केबलचा खर्च पॅनलच्या तुलनेत बराच कमी असतो. केबल नीट बसवल्यानेही काम होऊ शकते.

• पॅनल बदलायचेच असेल तर जुन्या पॅनलच्या मागे छापलेला क्रमांक, आकार, रिझोल्यूशन, पिनची संख्या आणि निट विचारा. कमी निटचे स्वस्त पॅनल बसले तर नवी स्क्रीनही अंधूकच वाटेल.

• घरी स्क्रीन उघडू नका. बॅटरीची जोडणी न काढता केबल ओढली किंवा लावली तर बॅकलाइटचा फ्यूज उडू शकतो. मग छोटा खर्च मदरबोर्डपर्यंत जातो.

• माहिती आधी काढून घ्या. दाखले, गुणपत्रिका, फोटो पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवून ठेवा. स्क्रीनच्या दुरुस्तीसाठी कारागिराला विंडोजचा पासवर्ड सहसा लागत नाही, बायोसचे पान पाहूनही उजेड तपासता येतो.

शेवटचा मुद्दा सेवा केंद्रांसाठी अधिक महत्त्वाचा आहे. त्यांच्या लॅपटॉपमध्ये गावातल्या शेकडो लोकांच्या आधारच्या प्रती, बँक पासबुकाचे फोटो आणि सातबारे असू शकतात. ते तसेच ठेवून लॅपटॉप आठवडाभर दुसऱ्याच्या दुकानात सोडणे म्हणजे लोकांची कागदपत्रे रस्त्यावर ठेवण्यासारखेच आहे. काम झाल्यावर अर्जदाराची कागदपत्रे काढून टाकायची सवय असेल तर ही वेळच येत नाही.

वॉरंटी नाकारली तर कुठे जायचे?

नव्या लॅपटॉपवर साधारण एका वर्षाची वॉरंटी असते. आपोआप आलेला बॅकलाइटचा किंवा पॅनलचा दोष त्यात बसतो. पडून फुटलेली स्क्रीन किंवा आत गेलेले पाणी सहसा बसत नाही. म्हणून बिल जपून ठेवावे आणि दोष दिसताच त्याचा व्हिडिओ काढावा. तक्रार फोनवर केली तरी तिचा क्रमांक लिहून घ्यावा.

कंपनी किंवा विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. त्यानेही काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा मार्ग आहे. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. म्हणजे लॅपटॉप ऑनलाइन मागवला असला किंवा नागपूर-हैदराबादहून आणला असला तरी झरी जामणीच्या ग्राहकाला यवतमाळच्या आयोगाकडे जाता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क लागत नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते.

थोडक्यात : काय दिसले तर काय करायचे?

• वीज गेल्यावरच मंद : बॅटरीची सेटिंग बदला, चार्जर तपासा.
• पान बदलल्यावर उजेड बदलतो : आपोआप उजेडाचे पर्याय बंद करा.
• ब्राइटनेसची पट्टीच नाही : ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा टाका.
• बायोसमध्ये लख्ख, विंडोजमध्ये मंद : दोष सॉफ्टवेअरचा, पैसे खर्च करू नका.
• झाकण हलवल्यावर कमी-जास्त : केबल किंवा बिजागरी.
• टॉर्चमध्ये चित्र दिसते : बॅकलाइट, फ्यूज किंवा केबल.
• वर्षानुवर्षे हळूहळू मंद, पिवळसर : पॅनलचे वय झाले.

यांतल्या पहिल्या चार गोष्टींसाठी गाव सोडायची गरज नाही. उरलेल्या तिन्हींसाठी वणी किंवा पांढरकवड्याची गाडी पकडावी लागेल, पण बिघाड काय आहे हे माहीत असल्याने एकाच फेरीत काम होण्याची शक्यता वाढते. निघण्याआधी दुकानात फोन करून मॉडेल क्रमांक सांगावा आणि केबल किंवा पॅनल आहे का, हे विचारून घ्यावे. नाहीतर पहिली फेरी दाखवण्यात आणि दुसरी आणण्यात जाते.